मणक्यात ‘गॅप’ नसतो, नस दबलेली असते

आपल्या वस्त्यांत कंबरदुखीला एकच नाव आहे – ‘मणक्यात गॅप आलाय.’ कळव्याला विचारा, कल्याणच्या कोणत्याही चाळीत विचारा, घरटी एकाला तरी हा गॅप निघतोच. हा शब्द दवाखान्यातूनच आपल्यापर्यंत आला आणि त्याने आपले फार नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅप म्हटले की माणसाला वाटते, हाडे एकमेकांपासून सुटली. मग तो महिना महिना पडून राहतो, काम सोडतो, नाहीतर कर्ज काढून ऑपरेशनला तयार होतो.

खरे काय असते ते समजून घेऊ. कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते. वयाने आणि ओझ्याने ती सुकते, तिची उंची कमी होते. म्हणजे अंतर वाढत नाही, उलट कमी होते. कधी चकतीची कड फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाब देतो. बहुतेक वेळा हे सर्वांत खालच्या दोन चकत्यांत घडते. ती नस पायात जाते, म्हणून कळ कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत उतरते. यालाच सायटिका म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत नसांचा मार्गच अरुंद होतो. थोडे चालले की पाय जड होतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. बाजाराला निघालेली आजी दर दहा घरांवर ओट्यावर का टेकते, त्याचे कारण बरेचदा हे असते.

हे दुखणे नशिबाचे नाही. ते गोणी उचलणाऱ्याचे, कचऱ्याची गाडी ओढणाऱ्याचे, चार घरी वाकून लादी पुसून परत घरी पाण्याचे हंडे भरणाऱ्या बाईचे आहे.

आपण दोन चुकीच्या वाटांनी जातो. पहिली म्हणजे पायाळू माणसाची लाथ, नस चोळून ‘बसवणारा’, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या. दाबलेल्या नसेवर लाथ मारून घेणे धोक्याचे आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही शिकवण आपल्याला काही नवीन नाही. दुसरी वाट म्हणजे पहिल्याच दिवशी हजारो रुपयांचा एमआरआय. पन्नाशीतल्या, काहीच दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी निम्म्याहून अधिक जणांत चकती फुगलेली दिसते. म्हणून नुसता रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे.

आधी हाताने तपासणी व्हायला हवी. डॉक्टर तुम्हाला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगतात, पायाचा अंगठा दाबून जोर बघतात, गुडघ्यावर आणि घोट्यामागे छोटी हातोडी मारतात, कुठे बधिरपणा आहे ते विचारतात. याला दहा मिनिटे लागतात, यंत्र लागत नाही. कोणती नस दबली आहे याचा अंदाज एवढ्यातून येतो. हे न करता कुणी थेट ऑपरेशन सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

चकतीमुळे दबलेली नस बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते. एक-दोन दिवस आराम, मग झेपेल तसे चालणे, पुढे फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून; बीपी, साखर, किडनीचा त्रास असेल तर आधी तसे सांगा. सहा आठवड्यांनी कळ कमी झाली नाही, किंवा पायातला जोर कमी होत चालला, तर एमआरआय काढावा आणि ऑपरेशनचा विचार करावा. ऑपरेशनने पायाची कळ लवकर थांबते; पण वर्षभराने पाहिले तर केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, संडासवर ताबा न राहणे, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पाय लुळे पडणे, पाऊल उचलता न येणे. यात एक-दोन दिवसांचा उशीर जन्माचे अपंगत्व देऊ शकतो. आपल्या बायका लघवीचे लाजेने सांगत नाहीत. माझी हात जोडून विनंती आहे, हे लपवू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. येथे मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत.

पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी कळ असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. दोन्ही तळव्यांना मुंग्या आणि जळजळ असेल तर साखर तपासा. प्रत्येक मुंगी मणक्यातून येत नाही.

आता पैशाचे. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा प्रा. बी. पी. आडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातून १९४८चा ईएसआय कायदा आला. आज दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत २१ हजारांपर्यंत पगार असेल, तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. त्या बदल्यात कुटुंबाला उपचार मिळतात. शिवाय ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. वागळे इस्टेट आणि उल्हासनगरला या योजनेची रुग्णालये आहेत. पण कंत्राटी कामगाराचे पैसे कापले जातात आणि नंबर त्याच्या हाती दिला जात नाही, असे सर्रास घडते. ज्याला तीन आठवड्यांचा आराम परवडत नाही, त्याची नस बरी होणार कशी? म्हणून मी म्हणतो, कंबरदुखी हा औषधाइतकाच हक्काचा प्रश्न आहे.

धुणीभांडी करणाऱ्या ताईंना ईएसआय नाही. त्यांनी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे आणि सुचवलेले ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारावे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एवढे करू : प्रत्येकाने पगाराची पावती आणावी, ज्याचा ईएसआय कापला जातो त्याने नंबर मागण्याचा अर्ज तिथेच लिहावा. आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी मागे चार खुर्च्या ठेवाव्यात. जयभीम.