सहा सेकंद आणि सहा महिने

फुटबॉलच्या नियमांत १ जुलै २०२५ पासून एक लहानसा बदल अमलात आला. गोलरक्षकाने हातात धरलेला चेंडू आठ सेकंदांच्या आत सोडला पाहिजे; न सोडल्यास प्रतिस्पर्धी संघाला कॉर्नर किक मिळेल. क्रीडापृष्ठाच्या कोपऱ्यात मावेल एवढीच ही बातमी. परंतु मुदत का मोडली जाते आणि ती पाळली जावी यासाठी काय करावे लागते, याचा एक उत्तम धडा तिच्यात आहे. तो फुटबॉलपटूंपेक्षाही नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या कारभाऱ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा अशा योग्यतेचा आहे.

मुदतीची कल्पना या खेळात नवी नव्हे. गोलरक्षकाने सहा सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात ठेवू नये, असे २००० सालीच ठरले होते. आघाडीवर असलेल्या संघाचा गोलरक्षक चेंडू छातीशी कवटाळून वेळ काढतो, प्रतिस्पर्धी तळमळत राहतात आणि पैसे मोजून आलेला प्रेक्षक जांभया देतो. हा प्रकार थांबवण्याचा हेतू त्यामागे होता. हेतू स्तुत्य होता, शब्द निःसंदिग्ध होते आणि शिक्षाही सांगून ठेवलेली होती. नियम मोडल्यास प्रतिस्पर्ध्याला तेथूनच, म्हणजे ऐन गोलाच्या तोंडाशी, अप्रत्यक्ष फ्री किक द्यावयाची होती. तरीही पाव शतक हा नियम बहुतांशी पुस्तकातच राहिला. गोलरक्षक सहाच्या जागी दहा-पंधरा सेकंद घेत राहिले आणि पंच फार तर ‘चला, आटपा’ अशी खूण करीत राहिले. कारण उघड होते. अपराध चार-दोन सेकंदांचा आणि शिक्षा जवळजवळ एका गोलाची, असा तो हिशेब होता. एवढी जबर शिक्षा द्यायला कोणताही समंजस पंच धजत नसे.

झोपी गेलेला नियम अचानक जागा झाला म्हणजे काय होते, हे २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये दिसले. महिलांच्या उपांत्य सामन्यात कॅनडाचा संघ अमेरिकेविरुद्ध ३-२ असा आघाडीवर असताना, सामन्याच्या उत्तरार्धात पंचांनी कॅनडाच्या गोलरक्षिकेला हा नियम लावला. त्या फ्री किकवर चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, अमेरिकेने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ४-३ असा जिंकला. पंचांनी पुस्तकाबाहेरचे काही केले असे म्हणता येणार नाही. परंतु जो नियम इतर शेकडो सामन्यांत कोणालाही लावला जात नाही, तो एका संध्याकाळी एकाच संघाच्या वाट्याला यावा, याला न्याय म्हणणेही कठीण आहे. न पाळला जाणारा नियम निरुपद्रवी असतो, हा समज म्हणूनच खोटा ठरतो. तो केव्हा जागा करायचा हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती मनमानीचे एक हत्यारच आयते येते.

फुटबॉलचे नियम ठरवणारे आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ साली स्थापन झाले. ते सनातनी म्हणून ओळखले जाते, आणि खेळाच्या एकंदर नियमांची संख्या आजही केवळ सतरा आहे. तथापि एखादा नियम खेळाला जाचू लागला, तर तो बदलण्यास या मंडळाने लाज मानलेली नाही. ऑफसाइडच्या नियमामुळे खेळ कोंडला जातो असे दिसताच १९२५ साली आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असण्याची अट दोनवर आणण्यात आली. १९९० च्या विश्वचषक स्पर्धेत ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले आणि बचावपटूंनी चेंडू पुनःपुन्हा गोलरक्षकाकडे परतवून रसिकांचा अंत पाहिला. १९९२ साली, सहकाऱ्याने पायाने परतवलेला चेंडू हातात घेण्याची गोलरक्षकाला बंदी झाली. सहा सेकंदांच्या नियमाबाबतही आता असेच घडले आहे. काही स्पर्धांत प्रयोग करून पाहिल्यावर मंडळाने मुदत सहाची आठ केली. शिक्षा सौम्य केली, पण देता येईल अशी केली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजणी उघड्यावर आणली. शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून बोटांवर मोजतो. ते गोलरक्षकाला दिसते, प्रतिस्पर्ध्याला दिसते आणि मैदानावरील शेवटच्या प्रेक्षकालाही दिसते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांतील तालीम मंडळांचे सामने पाहायला जो रसिक गर्दी करतो, त्याला यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हाच रसिक दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या पालिकेच्या खिडकीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याला मुदतीचा एक निराळाच अर्थ शिकवला जातो. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी माणसाने अनुभवातूनच घडवली आहे. वास्तविक कायद्याकडे पाहिले तर ही म्हण केव्हाच कालबाह्य व्हायला हवी होती. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी २००५ साली जो कायदा झाला व जो ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून परिचित आहे, त्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. पुढे २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्याने स्थानिक स्वराज्य संस्थांनाही कक्षेत घेतले. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरली, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरला, मुदत टळल्यास दोन अपिले आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग अशी पायऱ्यांची रचना झाली. सबळ कारणाशिवाय कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीही सांगितली गेली. कागदावर उणे काढावे असे यात फारसे काही नाही. सहा सेकंदांच्या नियमातही नव्हते.

मग घोडे कोठे पेंड खाते? पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ केव्हा सुरू होते, हे अर्जदाराच्या हातात नसते. अर्ज दिला त्या दिवसापासून मुदत मोजावी आणि अर्जाची पोच द्यावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात ‘ठेवून जा, पाहतो’ या तीन शब्दांत पोच टाळता येते. आणि पोच नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे मुदतही नाही. दुसरी युक्ती त्रुटीची. वडिलांच्या पश्चात घरपट्टीवर आईचे नाव लावू पाहणाऱ्या मुलाला पहिल्या खेपेस मृत्यूचा दाखला नाही म्हणून परत पाठवले जाते, दुसऱ्या खेपेस वारसांचे संमतिपत्र नाही म्हणून, तिसऱ्या खेपेस मागील थकबाकी नसल्याचा दाखला नाही म्हणून. तिन्ही कागद आवश्यक असतीलही. पण ते तिन्ही पहिल्याच दिवशी का सांगितले गेले नाहीत, याचे उत्तर कोणी देत नाही. प्रत्येक त्रुटीगणिक मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. गोलरक्षकाने चेंडू क्षणभर जमिनीवर टेकवून पुन्हा उचलावा आणि पंचाने नव्याने सेकंद मोजू लागावे, असाच हा प्रकार. फुटबॉलने ही पळवाट केव्हाच बंद केली : एकदा हातातून सोडलेला चेंडू दुसऱ्या खेळाडूने स्पर्श केल्याशिवाय गोलरक्षकाला पुन्हा हातात घेता येत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षेची. अपील करायचे ते त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, आणि उद्या नळजोडणीसाठी वा बांधकामाच्या परवानगीसाठी पुन्हा त्याच खिडकीत उभे राहायचे, हे ज्याला ठाऊक आहे तो नागरिक तक्रारीचा कागद खिशातच ठेवतो. धैर्य करून त्याने अपील केले आणि शास्ती झालीच, तर ती रक्कम अधिकाऱ्याच्या वेतनातून जाते. अर्जदाराने गमावलेले दिवस त्याला त्यातून परत मिळत नाहीत. फुटबॉलचा नवा नियम येथेच अधिक शहाणा ठरतो. तो गोलरक्षकाला दंड करीत नाही, चेंडू त्याच्याकडून काढून ज्याची अडवणूक झाली त्याच्या स्वाधीन करतो. मध्य प्रदेशाने २०१० साली जो सेवा हमी कायदा केला, त्यात दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची तरतूद होती. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

याउलट मुदत नागरिकावर असते तेव्हा यंत्रणा किती जागरूक होते पाहा. घरी झालेल्या जन्माची वा मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत केली नाही तर विलंब शुल्क पडते; वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. महापालिकेचा मालमत्ता कर थकला तर दरमहा दोन टक्के शास्ती चढू लागते. त्यासाठी कोणाला अपील करावे लागत नाही की सुनावणीची तारीख घ्यावी लागत नाही. ती आपोआप चढते. म्हणजे वेळ मोजण्याची कला आपल्या कार्यालयांना अवगत नाही असे नाही. ती एकाच दिशेने चालते, एवढाच दोष आहे. ज्या सामन्यात एका संघाचे सेकंद मोजले जातात आणि दुसऱ्याचे नाही, त्याला कोणी सामना म्हणणार नाही.

एवढ्यावरून टेबलामागे बसलेल्या कारकुनाला खलपुरुष ठरवणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे होईल. रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि एकाच माणसाच्या माथी दोन-तीन टेबले येतात. निवडणूक आली की तोच कारकून मतदारयाद्यांच्या कामाला जुंपला जातो. शिवाय एक खोल कारण आहे. सही केल्याबद्दल लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो, चौकशी लागू शकते, निवृत्तिवेतन अडकू शकते. सही न केल्याबद्दल सहसा कोणालाच काही होत नाही. अशा व्यवस्थेत चेंडू हातात धरून ठेवणे हा आळस उरत नाही, तो शहाणपणा ठरतो. गोलरक्षकही आळशी असतो म्हणून चेंडू दाबून ठेवत नाही. तसे करण्यात त्याचा फायदा असतो म्हणून ठेवतो. फायद्याचे पारडे फिरवल्यावाचून उपदेशाने यातील काहीही बदलणार नाही.

आणि वरच जर मुदतीचे मोल नसेल, तर खालच्या टेबलाकडून ते कसे अपेक्षावे? ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांतील स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक, असे स्पष्ट बजावले आहे. तरीही २०२२ साली मुंबई, पुणे आदी महापालिकांची मुदत संपली तेव्हा प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादात निवडणुका अडकल्या आणि तेथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. ज्याच्या दारी जाऊन नागरिकाने गाऱ्हाणे सांगावे तो नगरसेवकच त्या काळात नव्हता. राज्यघटनेतील मुदत जेथे अशी लांबते, तेथे घरपट्टीच्या अर्जाची मुदत ती काय!

अर्ज संगणकावर घेतले की सारे सुरळीत होईल, हा आणखी एक आवडता भ्रम. फुटबॉलने २०१८ साली चित्रफितीच्या साहाय्याने पंचगिरी करण्याची पद्धत आपल्या नियमांत अंतर्भूत केली. तिने काही ढळढळीत चुका टळल्या हे खरे. पण ऑफसाइडसाठी खांदा आणि बोटे मोजत बसण्यात कित्येक मिनिटे जातात आणि गोलाचा आनंद विरून जातो, हेही तितकेच खरे. यंत्र अचूकता देते; तत्परता माणसालाच द्यावी लागते. संकेतस्थळावर भरलेला अर्ज छापून, साक्षांकित करून पुन्हा खिडकीत आणून द्यायला सांगितले जात असेल, तर यंत्राने एक रांग कमी केली नाही, वाढवली.

उपाय अवघड नाहीत. ते करण्याची इच्छा दुर्मिळ आहे. अर्ज घेतानाच सर्व त्रुटी एकदम व लेखी सांगाव्यात, आणि त्या दिवशी न सांगितलेल्या त्रुटीवरून अर्ज पुढे अडवता येऊ नये. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, याचा तक्ता प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी भागी दर आठवड्याला लागावा, म्हणजे पंचाची उंचावलेली बोटे सर्वांना दिसतील. मुदत टळताच अपिलाची वाट न पाहता प्रकरण आपोआप वरिष्ठाकडे जावे, अर्जाचे शुल्क परत मिळावे आणि साध्या दाखल्यांच्या बाबतीत तरी मंजुरी गृहीत धरावी. मानीव मंजुरी ही काही परकी कल्पना नव्हे. बांधकाम नियमात बसणारे असेल तर साठ दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद राज्याच्या नगररचना कायद्यात पूर्वीपासून आहे. जोडीला, सद्‌भावनेने केलेल्या सहीला संरक्षण आणि रिकाम्या जागांवर माणसे, एवढे कारकुनाचेही देणे शासनाने फेडले पाहिजे.

फुटबॉलच्या मंडळाला पाळला न जाणारा एक नियम दुरुस्त करायला पंचवीस वर्षे लागली. महाराष्ट्राच्या सेवा हक्क कायद्याला २०२५ साली दहा वर्षे पूर्ण झाली. त्याने आणखी पंधरा वर्षांची वाट पाहावी, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही.