कांद्याला कुलूप, डिझेलला मोकळे रान



नवी मुंबईच्या बाजार समितीत कांद्याची गाडी रिकामी होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. त्या पट्टीवर भाव एकदाच लिहिलेला असतो, कपात मात्र चार-चार वेळा : हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे. यातल्या मोटारभाड्याचा मोठा हिस्सा म्हणजे डिझेल.

हिशेब सोपा आहे. लासलगावहून वाशी, जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ट्रक लिटरला चार किलोमीटर धावतो असे धरा. ११० लिटर लागले. डिझेल लिटरमागे एक रुपयाने चढले की खेपेमागे ११० रुपये गेले. ते भरतो कोण? ट्रकवाला भाडे वाढवतो. आडत्या ते पट्टीतून कापतो. किरकोळ विकणारा गिऱ्हाइकाकडून काढतो. रिक्षावाल्याला मीटर वाढवून मिळते, नोकरदाराला महागाई भत्ता. प्रत्येक जण आपला बोजा पुढच्याच्या खांद्यावर टाकतो. फक्त शेतकऱ्याच्या पुढे खांदा नाही. तो बाजारात आपला भाव सांगत नाही, 'काय देता?' असे विचारतो.

आता शहरातल्या माणसाकडे पाहा. पेट्रोल महागले की तो पंपावर दोन मिनिटे शिव्या घालतो, पंपवाल्याला आणि अरबांना. मग टाकी भरून निघून जातो. पेट्रोलची महागाई त्याला पावसासारखी वाटते. आली तर आली. कांदा महागला की मात्र सरकार हादरते. १९९८ साली दिल्लीतले राज्य कांद्याच्या भावाने गेले, ही धास्ती अजून कोणत्याही पक्षाच्या मनातून गेलेली नाही. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत टिकली.

म्हणजे कांद्याला जगाचा भाव मिळू लागला की दार बंद. आणि डिझेलला? बॉम्बे हायचे तेल समुद्रातल्या नळाने आपल्या उरणला उतरते. माहूलच्या कारखान्यांत डिझेल तयार होते. तरीही २००६ पासून कारखान्याच्या दारातला भाव ठरवताना ८० टक्के वजन आयातीच्या भावाला दिले, जणू तयार डिझेल परदेशातूनच बोटीने आणले! देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल आयात होते, हे खरे. पण जगाचा भाव हाच न्याय असेल, तर तो कांद्याला का नाही?

बरे, जगाचा भाव तरी खरा लागू झाला का? पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल पिंपाला वीस डॉलरच्या आसपास कोसळले. ग्राहकाच्या पदरात काय पडले? मे महिन्यात केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये अबकारी चढवली. घसरण तिजोरीने गिळली. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये त्यातले काही परत केले, तेही भाव गगनाला भिडल्यावर.

२०२१-२२ च्या हिवाळ्यात उत्तर प्रदेशच्या निवडणुकांच्या काळात हे 'रोज बदलणारे' भाव साडेचार महिने जागचे हलले नाहीत. एप्रिल २०२२ पासून पुन्हा गोठले. त्या वर्षी तेल महाग होते, कंपन्या रडल्या. गॅसच्या तोट्यापोटी सरकारने तिघींना २२,००० कोटी दिले. पुढे तेल उतरले, पंपावरचा भाव उतरला नाही. २०२३-२४ या एका वर्षात इंडियन ऑईलला ३९ हजार, भारत पेट्रोलियमला २६ हजार आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला १४ हजार कोटींहून अधिक नफा झाला. तिघींचा मिळून सुमारे ८१ हजार कोटी. लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, दोन रुपये कमी झाले.

आम्ही नफ्याचे वैरी नाही. आपल्या मालाला नफा मिळावा म्हणून लढणाऱ्याने दुसऱ्याच्या नफ्यावर जळू नये. पण नफा स्पर्धेत कमवावा लागतो. देशातले बहुतेक पंप या तीन कंपन्यांचे, आणि तिघींचा मालक शेवटी सरकारच. तोटा झाला की तो देशाचा, नफा झाला की तो कंपनीचा, याला बाजार म्हणत नाहीत.

सगळ्यात मोठी थट्टा पुढेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेलवर लिटरमागे ४ रुपये उपकर बसला. त्याचे नाव 'कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर'! नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी मिळून एकरी वीस लिटर धरले, तर शेतकऱ्याच्या विकासासाठी शेतकऱ्याकडूनच एकरी ८० रुपये. उपकर असल्याने राज्याला त्यात वाटा नाही. राज्यही काही मागे नाही. त्याचा व्हॅट अबकारी धरून होणाऱ्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. नवी मुंबईत डिझेलवर तो २४ टक्के होता. जुलै २०२४ मध्ये २१ वर आणला. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्याबाहेर ठेवले. दिल्लीला आणि मुंबईला, दोघांनाही ते सोयीचे होते.

स्वस्त डिझेलची भीक आपल्याला नको. २०१४ पर्यंत शेतकऱ्याचे नाव पुढे करून डिझेल स्वस्त ठेवले आणि त्यावर मोटारी आणि मॉलचे जनरेटर चालले. आपली मागणी एका मापाची आहे. तेल चढले की भाव चढतो, तसा उतरले की उतरला पाहिजे. मूळ किंमत, अबकारी, उपकर, व्हॅट, कमिशन यांचा तपशील प्रत्येक पंपावर लावा. शेतीच्या नावाचा उपकर डिझेलवरून काढा. आणि डिझेलला बाजार मोकळा म्हणता, तर कांद्यालाही मोकळा ठेवा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद आणावेत : बाजार समितीतली शेवटची पट्टी आणि पंपावरची शेवटची पावती. दोन्ही शेजारी ठेवून हिशेब करू. ठराव त्यानंतर लिहू.