दोन अ‍ॅटॅकांच्या मधले दिवस

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी म्हटलं, पालापाचोळा जाळू नका, धुराने दमेकऱ्यांचे हाल होतात. एक गृहस्थ उसळले. दमा म्हणजे अधूनमधून येणारा अ‍ॅटॅक, पंप ओढला की संपलं. बाकीचे दिवस दमेकरी तुमच्याआमच्यासारखाच, उगाच बाऊ कशाला? चारदोघांनी मानाही डोलावल्या.

हे साफ चूक आहे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. अ‍ॅटॅक ओसरला तरी ती उतरतेच असं नाही, आणि रात्री ती जोर धरते. माझी धाकटी बहीण २० वर्षं हे सोसते आहे. पहाटे तीन-साडेतीनला तिला खोकल्याची ढास लागते. घरातले उठू नयेत म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसते. तळवे गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येते. मी गेलो तर हातानेच सांगते, झोप तू. सहाला पुन्हा डब्यासाठी उभी, मिरचीची फोडणी घालताना नाकाला ओढणी. याला कुणी अ‍ॅटॅक म्हणत नाही, दवाखान्याच्या कागदावर याची नोंद नाही. पण दिवाळीत माळा झाडणं, तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणं, हळदीला नाचणं तिने एकेक करून सोडलं. विचारलं की म्हणते, आवड नाही. आवड होती. मी तिला नाचताना पाहिलंय.

असला त्रास मोजता येत नाही, हेही सभेतल्या त्या गृहस्थांचंच म्हणणं. येतो. कॅनडातल्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि सहकाऱ्यांची १९९२ची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ३२ प्रश्न: झोप, धूर, औषध हाताशी नसण्याची धास्ती. नळीत फुंकून आलेला आकडा बरा असला, तरी ही उत्तरं वाईट असू शकतात.

दम्याला ‘मनाचा खेळ’ म्हणणाऱ्याने माझ्या बहिणीच्या पाठीला कान लावावा.

‘पंपाची सवय लागते’ हा वाद तर मी नातेवाइकांशी वर्षानुवर्षं घालतोय. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी लोक बिनदिक्कत गिळतात. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. खरा धोका वेगळाच आहे. धाप लागली की तेवढ्यापुरता पंप ओढायचा आणि सूज उतरवणारा रोजचा पंप बंद ठेवायचा. सभेत मिळालेल्या सल्ल्याचा अर्थ नेमका हाच होतो.

माझं मागणं थोडं आहे. ‘आता बरं आहे ना?’ याऐवजी डॉक्टरांनी विचारावं, ‘महिन्यात किती रात्री उठलात?’ बहिणीला हा प्रश्न यंदा पहिल्यांदा कुणी विचारला. ती बोटांवर मोजायला लागली, बोटं संपली. मग रोजचा पंप सुरू झाला, तो ओढायचा कसा हे कुणीतरी समोर बसून शिकवलं. आता बऱ्याच रात्री स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही.

पाचोळा कुजवायला मागच्या भिंतीशी जागा आहे. खड्डा खणायची मजुरी मी देतो, असं सेक्रेटरींना लिहून दिलंय.