चित्राखालची ओळ

यंदा आमच्या वर्गांत येवल्याच्या इतिहासावर विद्यार्थ्यांनीं तयार केलेलीं सादरीकरणें पाहण्याचा योग आला. चित्रें, संगीत, रंगीत अक्षरें, सर्व कांहीं नेटकें होतें. ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येथें भरलेल्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली, तो प्रसंग येतांच पडद्यावर एक चित्र झळकलें. खालीं अक्षरें, 'येवला, १९३५'. वर्ग स्तब्ध झाला. आम्हांस मात्र तो चेहरा निराळा वाटला. तो होता नट मामुट्टी यांचा! जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या चित्रपटांतील तें दृश्य.

मुलाचा हेतु वाईट नव्हता. 'चित्र कोठून घेतलें?' असें विचारतां 'गूगलवरून' असें उत्तर मिळालें. हें म्हणजे 'पुस्तक कपाटांतून घेतलें' असें सांगण्यासारखेंच होय. कपाट कांहीं ग्रंथकर्ता नव्हे. चित्र कोणाचें, केव्हांचें, मूळ कोठें आहे, हें लिहावयास तो बसला असता, तर चूक त्याची त्यालाच दिसली असती. आधार नोंदणें हें केवळ सौजन्य आहे असें कित्येक समजतात. आमच्या मतें ती आपल्याच कामाची परीक्षा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेंत मूळ पत्रेंच छापून लोकांपुढें ठेविलीं. त्यामुळें ज्यांस त्यांचीं मतें पटलीं नाहींत, त्यांसही तीं पत्रें वाचून वाद घालतां आला.

शेवटीं दुव्यांची यादी चिकटवून भागत नाहीं. ती वाचण्यापूर्वींच टाळ्या सुरू होतात. उल्लेख चित्राखालींच हवा. गाणें वाजवितांना गायकाचें नांव तोंडानें घ्यावें. चित्र यंत्राकडून घडविलें असेल, तर तेंही लपवूं नये.

एका मुलीनें शेजारच्या विणकराच्या घरीं जाऊन, परवानगी घेऊन, पैठणीच्या मागाचें छायाचित्र काढलें व खालीं त्यांचें नांव आणि दिनांक लिहिला. पैठणीचें नांव दूरवर जातें, विणणाऱ्याचें क्वचितच. म्हणून ती ओळ वाचून आम्हांस विशेष समाधान वाटलें. पालकांसही विनंती कीं, घरीं असें काम पाहतांना 'छान' म्हणण्यापूर्वीं 'हें कोठलें?' असें एकदां विचारावें.

त्या मुलानें तें चित्र काढून टाकलें नाहीं. खालची ओळ मात्र बदलली: 'चित्रपटांतील दृश्य, दिग्दर्शक जब्बार पटेल, २०००.'