अपडेट सुरू झालं की रेडिओ स्कॅनर बंद का पडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, एवढीच काय ती सवलत. त्यामुळे अनेक लॅपटॉप विंडोज ११वर जातायत आणि त्यांना यूएसबीने जोडलेली उपकरणं मध्येच मान टाकतायत. रेडिओचा छंद असणाऱ्यांच्या बाबतीत हे उपकरण म्हणजे स्कॅनर.

आधी कारण समजून घेऊ. यूएसबी २.० पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर करंट देतो, ३.० पोर्ट ९००. आरटीएल-एसडीआर डोंगल सुमारे ३०० मिलिअँपिअर खातो. म्हणजे एकाच साध्या हबवर डोंगल आणि पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की गणित बिघडलंच. त्यात अपडेटच्या वेळी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. तेव्हा काही मदरबोर्ड पोर्टची वीज तोडतात, काही चालू ठेवतात. स्कॅनरला स्वतःची बॅटरी नसेल, तर पोर्टची वीज तुटताच तोही गेला.

वर्ध्यात यात आणखी एक भर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यात वादळ सुटलं की लाईन जाते. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, डेस्कटॉप नाही.

मग दुरुस्ती कुठून सुरू करायची?

१. स्कॅनर यूएसबीवर चालणारा असेल, तर तो मोबाईलच्या ५ व्होल्ट चार्जरला लावा. तिथे नीट चालला तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. तिथेही बंद पडला तर आधी केबल बदला.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची टिकमार्क असते, ती काढा.

३. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरा. सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

४. डोंगलचा दिवा लागतोय, पण सॉफ्टवेअरला तो दिसत नाही? मग वीज नाही, ड्रायव्हर गेलाय. ही चिप मुळात टीव्हीसाठी बनलेली, त्यामुळे विंडोज कधी कधी परत टीव्हीचाच ड्रायव्हर बसवतं. झॅडिगने विनयूएसबी ड्रायव्हर पुन्हा टाका.

आता खरी धोक्याची गोष्ट. डोंगल बंद पडला तर फक्त ऐकणं थांबतं. पण स्वतंत्र स्कॅनरचं फर्मवेअर अपडेट होत असताना वीज गेली, तर हजारो रुपयांचं यंत्र वीट होऊ शकतं. कारण फ्लॅश मेमरीत जुना मजकूर आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर जुना गेलेला आणि नवा अर्धवट.

तुमच्या फोनमध्ये यावर उत्तर आहे. अँड्रॉइड ७.०पासून, म्हणजे २०१६पासून, दोन कप्प्यांची सोय आली: नवी सिस्टीम दुसऱ्या कप्प्यात लिहायची, ती बिघडली तर जुनीवर परत यायचं. अनेक स्वस्त यंत्रांत ही चैन नसते. म्हणून फर्मवेअर टाकताना स्कॅनरची बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावा, विंडोज अपडेट ‘पॉज’ करा आणि स्लीप बंद करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. आभाळ भरून आलंय? मग उद्या करा.

शेवटी कायद्याचं. पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. पोलिसांचे वायरलेस संच तर जिल्हाभर आहेत. स्कॅनर पकडू शकतो म्हणून सगळं ऐकायची मुभा मिळत नाही. दूरसंचार कायदा २०२३नुसार बेकायदा संदेश टिपल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२५मध्ये ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीवरही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बऱ्याच कंपन्यांना नोटिसा दिल्या. त्यामुळे संच घेण्याआधी परवान्याचे नियम बघा. छंद वाढवायचा असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. एफएम आणि हौशी रेडिओच्या लहरींवरही शिकण्यासारखं भरपूर आहे.