आधी स्लॉट दाखवा!

मंडळी, नवा लॅपटॉप घेणाऱ्या कुणालाही विचारा, काय काय बघितलंस? प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, वजन. फारच झालं तर कीबोर्ड. 'आत एसएसडीचे स्लॉट किती?' हे कुणीच विचारत नाही. मग तीन वर्षांनी सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की हीच मंडळी नव्या लॅपटॉपचा ईएमआय काढत बसतात!

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बदलता येत नाही आणि दुसरी टाकताही येत नाही, त्याला वर्कस्टेशन म्हणू नये. किंमत कितीही असो.

2015 सालचा थिंकपॅड पी50 घ्या. अडीच किलोचं धूड, खांदा दुखतो हे मान्य. पण आत रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी दोन एम.2 स्लॉट आणि शिवाय 2.5 इंची ड्राइव्हची जागा. 256 जीबीवर घेतलेलं मशीन पुढे दोन-तीन टीबीवर न्यायचं तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरे.

याउलट 2016 मध्ये ॲपलने टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये एसएसडी थेट मदरबोर्डवर सोल्डर केली. म्हणजे जागेचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधायचा, तोही कंपनी सांगेल त्या भावात. आणि बोर्ड गेला की डेटाही अडकला. एम.2 ड्राइव्ह असेल तर ती काढून यूएसबी केसमध्ये टाकता येते, दुसऱ्या मशीनवर वाचता येते. हा फरक चैनीचा नाही, तुमच्या पाच वर्षांच्या कामाचा आहे.

"पण सोल्डर केल्याने वेग मिळतो ना?" नाही हो. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते. एम.2 स्लॉटमधली एनव्हीएमई ड्राइव्ह पीसीआयई 3.0 वर 3500 आणि 4.0 वर 7000 एमबीपर्यंत जाते. च्युइंगगमच्या पट्टीएवढी वस्तू आहे ती, 22 बाय 80 मिमी. तेवढ्या जागेसाठी रडगाणं कशाला? खुद्द ॲपलने 2024 च्या मॅक मिनीत स्टोरेज काढता येईल अशा कार्डावर दिलं. म्हणजे जमतं, मनात असलं की.

"क्लाउड आहे की!" आहे ना. पण 80 जीबीचं व्हर्च्युअल मशीन रोज क्लाउडवरून उतरवून बघा. आणि क्लायंटचा डेटा बाहेर न्यायला मनाई असेल तर?

"एसएसडी झिजते म्हणे." झिजते. पण 1 टीबीच्या कितीतरी टीएलसी ड्राइव्हना पाच वर्षं किंवा 600 टीबी लिखाणाची वॉरंटी असते. हिशोब करा, रोजचे 300 जीबीहून जास्त झाले. एवढं लिहिता तुम्ही?

दुसरी ड्राइव्ह टाकल्यावर मात्र दोन्ही जोडून रेड 0 करण्याची हौस आवरा. एक गेली की दोन्हींवरचा डेटा गेला. एकीवर सिस्टिम, दुसरीवर काम, एवढं साधं ठेवा. आणि बॅकअप लॅपटॉपच्या बाहेर. बॅग चोरीला गेली तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातात, बरं का.

राहिली उघडण्याची भीती. लेनोवो आणि डेल आपल्या वर्कस्टेशनची सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच साइटवर ठेवतात, झाकण कसं काढायचं ते चित्रांसकट. सुरुवात करण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की जपून ठेवा, बॅटरी तोडा, आणि स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, लांबी 80 मिमी की कमी, ते बघा. एवढ्यात बहुतेक घोटाळे टळतात.

चालतं मशीन केवळ जागा संपली म्हणून भंगारात जातं, आणि त्याला आपण 'अपग्रेड' म्हणतो! कंपन्या स्लॉट काढून टाकतात, कारण आपण विचारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी लॅमिंग्टन रोडला जा, मॉलमध्ये जा नाहीतर ऑनलाइन घ्या, पहिला प्रश्न एकच : स्लॉट किती? दुकानदार गोंधळला तर गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

बघा, पटतंय का.