आधी दिवा ठरवा, मग पांढरा

रंगांची प्रमाणं ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०२६ चा रंग म्हणून ‘क्लाउड डान्सर’ हा मऊ पांढरा जाहीर केला. १९९९ मध्ये ही निवड सुरू झाल्यापासून पांढऱ्याला मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याने एक गैरसमज मात्र घट्ट झाला आहे: पांढऱ्यात चुकायला वावच नाही. वाव सगळ्यात जास्त पांढऱ्यातच आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना पुन्हा सांगायला नको.

या आठवड्यात डोंबिवलीतल्या एका दुकानात एक जोडपं ऑफ-व्हाइट निवडत होतं. शेडकार्डवरचा तुकडा बोटाएवढा, डोक्यावर ट्यूबलाइटची रांग, आणि निर्णय तीन खोल्यांचा. दुकानदाराने डबा मशीनखाली लावला. पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या ऑक्साइडचे आणि काळ्याचे जेमतेम काही थेंब पडले, डबा घुसळला गेला, बिल झालं. घरात कोणते दिवे आहेत, हे मात्र कुणीही विचारलं नाही.

पूर्वी दिवाळीआधी चुना विरवला जायचा. कळीचा चुना पाण्यात पडला की पिंप खदखदायचं, वाफा निघायच्या, पोरांना लांब पिटाळलं जायचं. चुना गार झाला की गाळून त्यात डिंक घालायचे, म्हणजे टेकून बसणाऱ्याच्या पाठीला तो लागायचा नाही. आणि मग थोडी नीळ. कुंच्याचा ओला हात भिंतीवर फिरला की काहीच झाल्यासारखं दिसायचं नाही. भिंत वाळू लागली की पांढरेपणा वर यायचा, पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो चुना हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट बनून भिंतीला धरायचा. नीळ असायची ती पिवळटपणा मारायला, धोतर-साड्यांना देत तशीच. आणि त्या भिंतींवर संध्याकाळी उजेड कोणता पडायचा? आधी कंदिलाचा, म्हणजे साधारण १९०० केल्विनचा. पुढे तारेच्या बल्बचा, २७०० केल्विनच्या आसपासचा. दोन्ही पिवळे. पिवळ्या उजेडाखाली किंचित निळसर पांढरा बरोबर बसतो.

आज कारभार नेमका उलटा आहे. आपल्या बहुतेक हॉलमध्ये जी ‘कूल डेलाइट’ एलईडी पट्टी जळते ती ६५०० केल्विनची, म्हणजे स्वतःच निळसर. तिच्याखाली निखळ पांढरी भिंत दवाखान्यासारखी दिसते, म्हणून डब्यात पिवळा घालून घ्यावा लागतो. आजीने पांढऱ्यात निळा घातला, नात पैसे मोजून पिवळा घालते, आणि दोघीही आपापल्या दिव्यापुरत्या बरोबर आहेत. घोटाळा होतो तो पुढे. वर्षभराने फॉल्स सीलिंग येतं, त्यात पिवळे स्पॉटलाइट बसतात, आणि तोच मोतिया रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसू लागतो. मग रंगाच्या नावाने ओरड होते. रंग बिचारा तोच आहे, दिवा बदललाय.

हॉलच्या मधोमध जळणाऱ्या त्या एकट्या पट्टीबद्दल या स्तंभाचं मत जाहीर आहे. संध्याकाळी माणसं हॉलमध्ये टिकत नाहीत, आपापल्या खोल्यांत पांगतात, त्यात या उजेडाचा मोठा हात आहे. कुणी मोजून पाहिलेलं नसेल, पण चार कोपऱ्यांत चार पिवळे दिवे लावलेल्या घरात बसून पाहावं.

‘उत्तरेकडच्या खोलीला उबदार पांढरा द्या’ हा इंग्रजी मासिकांतला सल्लाही इथे डोळे मिटून उचलला जातो. तो लंडनच्या आभाळाचा सल्ला आहे. गृहसजावटकार सिरी मॉम यांनी १९२७ मध्ये चेल्सीतल्या आपल्या दिवाणखान्यात पांढऱ्याच्या छटा आणि आरसे मांडून जी फॅशन रूढ केली, तीही त्याच आभाळाखालची. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश चढतो. मुंबईत तेव्हाही ४७ अंशांच्या वर असतो. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. पावसाळी ढग त्यातला बराच काळ खातात, पण मेच्या उत्तरार्धात उत्तरेची बाल्कनी तापते ती उगाच नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरची इमारत. सहा-सात मीटरवर गुलाबी भिंत असेल, तर खिडकीतून येणारा उजेड गुलाबीच असतो, दिशा कुठलीही असो.

तेव्हा दोन-तीन छटांचे छोटे डबे आणावेत. पुट्टी आणि प्रायमर झाल्यावर प्रत्येकीचा दोन फुटी चौकोन, दोन हात देऊन, खिडकीजवळ एक आणि आतल्या कोपऱ्यात एक असा मारून घ्यावा. सकाळी पाहावा, आणि रात्री घरात जे दिवे कायम राहणार आहेत तेच लावून पाहावा. पेंटर कुरकुरेल, त्याची एक दिवसाची मजुरी द्यावी, पण चौकोन मारून घ्यावेत.

आणि छताचं आधीच बोलून घ्यावं. आपल्याकडे छताला न विचारता झगझगीत पांढरा मारला जातो, आणि त्याला खेटून आलेली मऊ पांढरी भिंत मळकी दिसते. खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी, स्विचबोर्ड यांच्याशेजारीही तेच होतं. त्या बदलता येत नाहीत, छत येतं. भिंतीचाच रंग वर न्यायचा असेल तर ते कोटेशनमध्ये लिहून घ्यावं, नाहीतर ठेकेदार नेहमीचा डबा उघडून मोकळा होतो.